पीएचक्यू-९ : इंटरफेरॉनच्या काळात मनःस्थितीची नोंद ठेवणाऱ्या प्रश्नावलीचे परीक्षण

एका बाजूने छापलेला कागद, त्यावर नऊ प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे शून्य (मुळीच नाही) ते तीन (जवळजवळ रोज) असे चार रकाने आणि तळाशी बेरीज लिहिण्याची जागा. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दिसायला एवढीच आहे. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के यांनी ती अमेरिकेत तयार केली आणि तिच्या अचूकतेचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तिच्या वापरासाठी परवानगी लागत नाही आणि शुल्कही नाही. झेरॉक्सचा खर्च सोडला तर रुग्णालयाला ती फुकटच पडते. यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करताना मी ती पुष्कळ रुग्णांकडून भरून घेतली आहे. जुनाट हिपॅटायटिस बी किंवा सी वर उपचार चालू असताना, विशेषतः इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात, रुग्णाच्या मनावर लक्ष ठेवायला ती कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे. सर्वसाधारण नैराश्याच्या तपासणीतील तिच्या योग्यतेविषयी मला येथे काही म्हणायचे नाही.

असे लक्ष ठेवणे का लागते, हे रुग्णांना फारसे कोणी समजावून सांगत नाही. इंटरफेरॉन हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध आहे आणि हिपॅटायटिस सी वर ते १९९१ पासून वापरात आले. पुढे त्याला रिबाविरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली आणि २००१ नंतर आठवड्यातून एकदाच टोचायचे पेगिलेटेड इंटरफेरॉन आले. चेतवलेल्या प्रतिकारशक्तीचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. ज्या ट्रिप्टोफॅन या अन्नघटकापासून शरीर मनःस्थिती सांभाळणारे सेरोटोनिन तयार करते, ते या काळात दुसऱ्याच रासायनिक वाटेला लावले जाते, आणि त्यामुळे ज्याला आयुष्यात कधी उदासीनतेचा त्रास झाला नव्हता असा माणूसही काही आठवड्यांत खचलेला दिसू लागतो. हिपॅटायटिस सी च्या इंटरफेरॉन उपचारांत साधारणपणे चौघांतील एका रुग्णाला नैराश्य येत असे, आणि बहुतेकांना ते पहिल्या बारा आठवड्यांतच येई. औषधाच्या माहितीपत्रकावर मानसिक दुष्परिणामांचा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो. तो वाचणारे नातेवाईक मला फारच थोडे भेटले, कारण पत्रकाचा कागद पातळ, अक्षर मुंगीएवढे आणि भाषा इंग्रजी असते.

या परिस्थितीत पीएचक्यू-९ चा पहिला आणि मोठा गुण असा, की मनाविषयी बोलण्याला ती एक निमित्त देते. यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या हातात एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी), प्लेटलेट आणि व्हायरल लोडचे (रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाचे) आकडे असतात, डॉक्टरांसमोर मिळणारी चार-पाच मिनिटे त्या आकड्यांतच संपतात, आणि ‘झोप कशी आहे, मन लागतं का’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. रक्ताच्या अहवालांबरोबर हाही एक कागद फाइलला लागला की त्याला अहवालाचा मान मिळतो. ‘ताई, या वेळी माझा आकडा कितीवर गेला?’ असे स्वतःहून विचारणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि नैराश्य हा शब्द ज्यांच्या तोंडी कधीच आला नसता असे गृहस्थही आकडा वाढल्याचे मोकळेपणाने मान्य करतात. भरायला वेळ थोडा लागतो, वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवता येतात, आणि मागील दोन आठवडे ही मुदत इतकी आटोपशीर आहे की आठवून उत्तर देणे कोणालाही जमते.

बेरीज ० ते २७ या दरम्यान येते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र आणि २० पासून तीव्र नैराश्य, अशी तिची उतरंड आहे. मूळ अभ्यासात १० ही सीमारेषा धरली असता आजारी आणि निरोगी या दोहोंना ओळखण्याची क्षमता प्रत्येकी ८८ टक्के भरली होती. मात्र तो अभ्यास अमेरिकेतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या व स्त्रीरोग-प्रसूतीच्या दवाखान्यांत झाला होता; आठवड्याला इंटरफेरॉन टोचून घेणारे लोक त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते. माझी या साधनाविषयीची मुख्य तक्रार येथूनच सुरू होते.

नऊ प्रश्नांपैकी पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतील मंदपणा वा अस्वस्थता यांविषयी आहेत. नैराश्यात ही लक्षणे असतातच, परंतु इंटरफेरॉन घेणाऱ्याला ती नैराश्याशिवायही असतात. एक नमुना घ्या. इंजेक्शन शुक्रवारी रात्री घेतलेले, शनिवार-रविवार अंगात कणकण आणि ताप, तोंडाला चव नाही, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही, आणि रिबाविरिनमुळे हिमोग्लोबिन उतरल्याने जिना चढताना धाप लागते. हा माणूस झोपेला ३, थकव्याला ३, भुकेला २ आणि एकाग्रतेला २ गुण देईल. बेरीज झाली १०, म्हणजे कागदाच्या हिशेबाने मध्यम नैराश्य. पण त्याने उदासीला, कशातही रस न वाटण्याला, स्वतःला कमी लेखण्याला आणि शेवटच्या प्रश्नाला शून्य दिलेले असते. तो नातवाशी खेळतो, क्रिकेट पाहतो, आणि शेजाऱ्याची गंमत सांगताना स्वतःच हसतो. त्याला नैराश्यावरील गोळी सुरू करण्याआधी त्याचे हिमोग्लोबिन पाहायला हवे. याच्या उलट एखाद्या बाईची बेरीज केवळ ७ भरते, पण त्यांतील ३ गुण ‘आपल्यामुळे घरच्यांना खाली पाहावे लागले’ या भावनेचे आणि २ गुण उदासीचे असतात. बेरजेच्या तराजूत ती पहिल्या गृहस्थापेक्षा हलकी ठरते. माझ्या मते त्या दिवशी आधी तिच्याशी बोलायला हवे.

म्हणून यकृताच्या रुग्णांसाठी ही प्रश्नावली वापरणाऱ्याने बेरीज शेवटी पाहावी. आधी पहिला, दुसरा, सहावा आणि नववा हे चार प्रश्न वेगळे वाचावेत, कारण शरीराच्या त्रासाची भेसळ त्यांत कमी असते. दुसरे म्हणजे पहिला कागद पहिल्या इंजेक्शनच्या आधीच भरून घ्यावा. जुनाट हिपॅटायटिस झालेल्यांत मुळातच थकवा आणि चिंता पुष्कळ असते. लग्न ठरताना आजार सांगायचा की नाही, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत काय निघेल, बायकोमुलांना तर लागण झाली नसेल ना, या काळज्या औषधाआधीपासून घर करून असतात. उपचारापूर्वी ६ आणि चौथ्या आठवड्यात १३ असा प्रवास काही सांगतो. नुसता १३ हा आकडा फारसे काही सांगत नाही. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात, आणि त्यानंतर महिन्यातून एकदा भरून घ्यावी असे मी सुचवीन. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत थकवा आणि भूक यांचे गुण चढतात, उदासी व चिडचिड बहुधा मागाहून येते. त्यामुळे पहिला महिना बरा गेला म्हणून कागद बंद करणे योग्य नाही.

चिडचिडीविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या प्रश्नावलीतील सर्वांत मोठी उणीव तीच आहे. इंटरफेरॉन आणि रिबाविरिन चालू असलेल्या रुग्णाच्या घरून येणारी तक्रार बहुधा उदासीची नसते, संतापाची असते. विभागाबाहेरच्या बाकावर नवरा कागद भरत असतो, नऊही प्रश्नांपुढे शून्याच्या रकान्यात एकाखाली एक बरोबरच्या खुणा ओढून पेन खिशाला लावतो आणि रक्त द्यायला जातो; तो गेल्यावर बायको पदर सारखा करत हळू आवाजात सांगते, ‘ताई, घरात भांडं वाजलं तरी अंगावर येतात हो. पोरगं बाप घरात असला की अभ्यासाला शेजारी जाऊन बसतं. आधी असे नव्हते.’ हे वर्णन औषधाच्या ज्ञात दुष्परिणामाचे आहे, पण नऊ प्रश्नांत ते बसवायला जागाच नाही. अस्वस्थ हालचालींविषयीचा आठवा प्रश्न जवळचा वाटतो, परंतु त्यात मंदपणा आणि चुळबुळ ही दोन विरुद्ध टोके एकाच वाक्यात कोंबली आहेत, आणि रुग्ण त्याचे उत्तर देताना हमखास थबकतो. झोपेच्या आणि भुकेच्या प्रश्नांतही हाच दोष आहे. कमी आणि जास्त यांना एकच गुण मिळतो. मी कागदाच्या मागील बाजूस हाताने एक प्रश्न वाढवत असे, की गेल्या दोन आठवड्यांत राग आवरणे कठीण गेले का, आणि तोच प्रश्न सोबत आलेल्या माणसाला वेगळ्याने विचारत असे. त्या उत्तराचे गुण बेरजेत धरायचे नाहीत, पण ते डॉक्टरांपर्यंत पोचलेच पाहिजे. रुग्णाला न कळवता नातेवाइकांशी बोलणे मात्र मला मान्य नाही. ‘घरच्यांनाही दोन गोष्टी विचारते’ एवढे त्याला आधी सांगितले की सहसा कोणी हरकत घेत नाही.

अतिउत्साहाचेही तसेच. इंटरफेरॉनमुळे क्वचित उन्माद उद्भवतो. झोप तीन तासांवर येते तरी थकवा नसतो, बोलणे थांबत नाही, अचानक मोठे व्यवहार ठरवले जातात. अशा माणसाची बेरीज चांगली दिसते आणि डॉक्टर निर्धास्त होतात. चिंतेसाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची सख्खी बहीण वेगळी उपलब्ध आहे आणि तीही विनामूल्य आहे, परंतु दोन्ही कागद एकदम दिले की दुसरा अर्धवट भरला जातो असा अनुभव आहे.

यकृतच फार बिघडलेले असेल तर आणखी एक गोंधळ संभवतो. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रण पडून कठीण झाल्यावर, यकृताला न गाळता आलेली द्रव्ये मेंदूवर परिणाम करतात. तेव्हा माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, विसरतो, स्वभावाने वेगळा वाटू लागतो. पीएचक्यू-९ हे सर्व निमूटपणे नैराश्याच्या खात्यात जमा करते. येथे कागदाचा एक अनपेक्षित उपयोग होतो. मागच्या भेटींतले कागद एकावर एक ठेवून सह्या ताडून पाहाव्यात. अक्षर लागोपाठ थरथरत गेले असेल, ओळीवरून घसरले असेल, रकान्याबाहेर खुणा पडल्या असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देण्याआधी यकृततज्ज्ञाला ते दाखवावे. इंटरफेरॉनमुळे थायरॉईडही बिघडू शकते आणि मंद थायरॉईडचे रुग्ण तर प्रश्नावलीत हुबेहूब उदास दिसतात. त्यामुळे वाढलेल्या आकड्यासोबत टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि हिमोग्लोबिनचे ताजे अहवाल नसतील, तर त्या आकड्यावर मत बनवू नये. घरात कोणी ‘टेन्शन’साठी अश्वगंधाची पावडर सुरू केली आहे का, हेही विचारून घ्यावे. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ती औषध म्हणून कोणी सांगत नाही.

नवव्या प्रश्नाला मी स्वतंत्र गुण देईन, आणि ते पूर्ण देईन. मरून गेलेले बरे असे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे, हे इतक्या सरळपणे विचारणारे दुसरे साधन आमच्या विभागात नव्हते. विचारल्याने तसे विचार मनात भरतात ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याचे अनेकांना हायसे वाटते. पण प्रश्न जितका चांगला, तितकीच त्यामागची व्यवस्था महत्त्वाची. सासूबाईंचा कागद सुनेने भरला तर हा प्रश्न ‘असलं काही नसतं आमच्याकडे’ म्हणत कोरा सोडला जातो किंवा शून्यावर खूण करून मोकळा केला जातो, म्हणून नववा प्रश्न तरी रुग्णाला एकट्याला, दाराआड विचारावा. आणि उत्तर शून्याखेरीज काहीही आले, अगदी १ आले, तरी बेरीज कितीही लहान असो, रुग्ण घरी जाण्यापूर्वी त्याच्याशी कोणीतरी जाणकाराने बोलायला हवे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी कळवायला हवे, कारण इंटरफेरॉनचा डोस कमी करायचा की ते थांबवायचे हा निर्णय तेच घेऊ शकतात. गावाकडून आलेल्या कुटुंबाला फवारणीची औषधे कुलपात ठेवण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असल्यास टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो मी कागदाच्या तळाशीच लिहून देत असे. जेथे भरलेला कागद दुपारी गठ्ठ्यात जाऊन पुढील भेटीपर्यंत कोणी उघडत नाही, अशा विभागाने ही प्रश्नावली वाटू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तसेच चालत होते.

पर्यायांचा विचार केला तर एचएडीएस ही १९८३ सालची चौदा प्रश्नांची मोजपट्टी शारीरिक आजारांच्या रुग्णांसाठीच बेतलेली आहे. तीत झोप-भूक-थकव्याला फारसे स्थान नाही, चिंता आणि उदासी यांचे गुणही वेगळे निघतात. गुणवत्तेने ती आमच्या कामाला अधिक योग्य ठरली असती, पण तिला परवाना आणि शुल्क लागते, आणि सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात त्या खर्चाची फाइल कोण फिरवणार? बेक यांची नैराश्याविषयीची एकवीस प्रश्नांची यादी लांब आहे व तीही विकत घ्यावी लागते. हॅमिल्टनची नैराश्य मोजणारी पट्टी प्रशिक्षित व्यक्तीनेच वापरायची असते. फार गर्दीच्या दिवशी पीएचक्यू-९ चे पहिले दोनच प्रश्न विचारून ३ किंवा अधिक गुण आलेल्यांना उरलेले सात विचारावेत ही पद्धत रूढ आहे. इंटरफेरॉनच्या रुग्णांसाठी मी तीन विचारीन, पहिला, दुसरा आणि नववा.

आता इंटरफेरॉन मागे पडले असताना याची गरज उरली आहे का, असे विचारले जाते आणि ते रास्त आहे. २०१५ मध्ये सोफोसबुविर हे हिपॅटायटिस सी वरचे गोळीचे औषध भारतात उपलब्ध झाले, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून हिपॅटायटिस सी च्या गोळ्या मोफत मिळू लागल्या. बहुतेकांचा उपचार बारा आठवड्यांत, एकही इंजेक्शन न घेता पूर्ण होतो. या गोळ्यांनी डोके दुखते, थकवा येतो, क्वचित झोप बिघडते, पण इंटरफेरॉनसारखा मनावर घाव बसत नाही. अशा रुग्णांना दर भेटीला नऊ प्रश्न देणे मला अनावश्यक वाटते. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा पुरे. मात्र हिपॅटायटिस बी मध्ये निवडक रुग्णांना पेगिलेटेड इंटरफेरॉन आजही ४८ आठवडे दिले जाते, बी सोबत हिपॅटायटिस डी असलेल्यांनाही दिले जाते, आणि सिरॉसिस झालेल्या काही हिपॅटायटिस सी रुग्णांच्या गोळ्यांत रिबाविरिन असते. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे किंवा दारू सोडून थोडेच दिवस झाले आहेत, त्यांना औषध कोणतेही असो, मी हा कागद नियमित देईन.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन. किंमत, सुटसुटीतपणा आणि नववा प्रश्न यांसाठी ते गुण आहेत. चिडचिड न विचारणे आणि शरीराच्या त्रासाला मनाच्या खात्यात घालणे यांसाठी दीड गुण कापला. रुग्णांनी आणि घरच्यांनी ती स्वतःहून भरून डॉक्टरांकडे न्यायला काहीच हरकत नाही. मात्र आकडा पाहून मनानेच गोळी सुरू करू नये अथवा इंजेक्शन बंद करू नये, कारण नैराश्यावरील काही औषधे, उदाहरणार्थ ड्युलॉक्सेटिन, जुनाट यकृतविकारात टाळली जातात आणि कोणते चालेल हे यकृत किती शाबूत आहे यावर ठरते. शेवटचे इंजेक्शन झाले की पेढे वाटले जातात आणि कागदही थांबतो, असे बहुतेक ठिकाणी पाहायला मिळते. इंटरफेरॉनचे मानसिक परिणाम उपचार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांतही दिसू शकतात, म्हणून व्हायरल लोडच्या पुढील तपासण्यांना रुग्ण येईल तेव्हा त्या चिठ्ठीलाच एक कोरी प्रश्नावली जोडून ठेवावी.